नाकावरचा टिळा

मंदिरातल्या फिशटँकमधला हातभर शार्क टाळ वाजले की उसळायचा. "भक्त आहे," विश्वस्त सदुभाऊ सांगायचे. कीर्तनवेड्या कुमुदताई त्याच्या नाकावरच्या लाल टिळ्याला रोज हात जोडायच्या, तो उसळला की सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायच्या.

टँक धुवायला आलेल्या मासेवाल्या दुकानदाराला त्यांनी हे कौतुकानं सांगितलं. तो हसला नाही. "मावशी, नावालाच शार्क. भित्रा मासा आहे. आवाजाला घाबरून काचेवर आपटतो. टिळा कसला, जखम आहे ती. याला खोलीएवढा हौद लागतो. विकतानाच सांगितलं होतं मी सदुभाऊंना."

संध्याकाळी टाळकऱ्यांनी टाळ उचलले, तोच कुमुदताई मध्ये उभ्या राहिल्या. "हौद होईपर्यंत इथं टाळ वाजणार नाहीत."

"ताई, देवाच्या कामात आडव्या येऊ नका," सदुभाऊ म्हणाले.

"देवाचंच काम करतेय. तो डोकं फोडून घेत होता आणि माहीत असून तुम्ही आम्हाला टाळ्या पिटायला लावलंत."

सदुभाऊंनी मान खाली घातली. कीर्तनकार बुवांनी चिपळ्या उचलल्या आणि कीर्तन अंगणात नेलं.

बाहेर अभंग रंगला. कुमुदताई आयुष्यात पहिल्यांदा कीर्तनाला गेल्या नाहीत. अंगावरची शाल टँकवर पांघरून त्या धुमसत बसल्या. टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या.