नऊ नंबरचं यंत्र

"तोक्तोनाली बाइके, यंत्र तुमच्यावर रुसलंय," एल्दोस हसत म्हणाला. "मागच्या सामन्यातही तुम्हीच तळाला."

"त्याला काय कळतंय? मोकळ्या माळावर उधळणारी पोरं त्याची लाडकी," तोक्तोनालीने टोला परतवला. संघातली पोरं त्याला बाइके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत; पण आजची थट्टा त्याला झोंबली होती.

काडेपेटीएवढी ती यंत्रं अल्मातीहून आलेल्या पाहुण्याने, दाउरेनने आणली होती आणि संघाला चक्क भेट देऊन टाकली होती. स्वाराच्या बंडीत, दोन खांद्यांच्या मधे बसायची आणि उपग्रहांना विचारून कोण किती दौडलं ते सांगायची.

"चुकतात थोडी," दाउरेनच म्हणाला होता. "सरळ दौड नीट मोजतात. घोळक्यात गर्रकन वळलं की कमी धरतात."

आणि घोड्यावरून बोकडाचं धड पळवायच्या या सामन्यात तोक्तोनालीचा सगळा खेळ घोळक्यातला. धड पडेल तिथे त्याचा करडा घोडा बोज मुसंडी मारायचा, वितीवितीला वळायचा आणि स्वार वाकून धड उचलेपर्यंत पाय रोवून उभा राहायचा. घोडा खरं तर संघाच्या मालकाचा, जुमाकादिरचा. पण शिंगरू असल्यापासून वाढवला तोक्तोनालीने. माझ्याशी बोलत नाहीस तेवढा त्याच्याशी बोलतोस, असं बायको म्हणायची. खरंच होतं ते.

सकाळी जुमाकादिरने सगळ्यांना सांगितलं, "आज यंत्रं काय म्हणतात त्यावर ठरवणार आहे. जेवण झालं की सांगतो."

काय ठरवणार, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. तलासच्या स्पर्धेला एक स्वार कमी न्यायचाय, ही कुजबुज सगळ्यांनी ऐकली होती. तोक्तोनालीची दाढी पिकू लागली होती. आणि संघातून गेला की बोजही गेला, उद्यापासून दुसऱ्या कोणाच्या मांडीखाली. या विचाराने त्याला एका जागी बसवेना.

तंबूच्या दाराशी मालकिणीने नवा जरीचा चापान, मानाचा लांब झगा, वाऱ्याला टांगला होता. शेजारी चांदीने मढवलेला लगाम. चापान पाहुण्याच्या खांद्यावर जाणार, हे उघड होतं. लगाम पहिल्या येणाऱ्याला असावा. बोजच्या तोंडावर तो कसा दिसेल, हे एकदा मनात आलं ते जाईना.

बाकीचे किमिझ, घोडीचं आंबवलेलं दूध, पीत बसले होते तेव्हा त्याने बंड्यांमधली दोन यंत्रं बदलली. आपलं नऊ नंबरचं एल्दोसच्या बंडीत, एल्दोसचं आपल्या. ही लबाडी नव्हे, यंत्राची चूक दुरुस्त करतोय, असं त्याने स्वतःला बजावलं.

सामनाभर त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. कोणी नुसतं पाहिलं तरी आपल्या पाठीकडेच पाहतंय असं वाटायचं. एल्दोस मात्र नेहमीसारखा उधळत होता.

जेवण उरकलं. दाउरेनने लॅपटॉप उघडून जुमाकादिरच्या कानात काही सांगितलं. जुमाकादिरने दाढीवरून हात फिरवला आणि तो उठला.

"नऊ नंबर. सगळ्यांच्या पुढे."

"बाइके, म्हातारपणी पंख फुटले की काय?" एल्दोस म्हणाला. सगळे हसले. तोक्तोनालीला रडू यायचंच बाकी होतं.

जुमाकादिरने चापान दाउरेनच्या खांद्यावर घातला. मग लगाम काढून तोक्तोनालीच्या हातात दिला.

"बोजला चढव आणि घेऊन ये."

त्याने लगाम चढवला. बोजने नेहमीसारखं नाक त्याच्या काखेत खुपसलं. "वाचलो रे," तो त्याच्या कानात पुटपुटला आणि मिरवत त्याला सगळ्यांपुढे घेऊन आला.

"एवढी भेट आणणाऱ्या पाहुण्याला पायी पाठवायचं म्हणजे आपली शोभा," जुमाकादिर म्हणाला. "द्यायचा तर सर्वांत जास्त धावणारा घोडा द्यायचा. तो कोणता, ते त्याच्याच यंत्रांना विचारलं. दाउरेन, चढ, बोज तुझा. आणि तोक्तोनाली, असा बघतोस काय? तलासला तू येणारच, तुझ्यावाचून धड उचलणार कोण? तुझ्यासाठी दुसरा घोडा बघू."