यंत्र म्हणतं ओके

गाडीने पुन्हा आचका दिला आणि मागे बसलेल्या कीर्तनकार महाराजांचा फेटा त्यांच्या डोळ्यांवर उतरला. आबासाहेबांनी आरशातून पाहिलं आणि मनातल्या मनात पांडुरंगाला हाक मारली. मंडपापाशी उतरल्यावर महाराज नुसते कंबर धरून उभे राहिले. पण सप्ताहाचा कारभार बघणारे गोरक्षनाथ बोलले. पहिल्या दिवशीचं कीर्तन महाराजांचं होतं, शेवटच्या दिवशीचं, काल्याचंही त्यांचंच. तोवर गाडीचं दुखणं निघालं तर ठीक, नाहीतर महाराजांना आणायला गोरक्षनाथांची जीप जाईल.

कीर्तनकाराला पारनेरच्या एसटी स्टँडावरून गावात आणायची सेवा आबासाहेबांच्या घराची. वडिलांनी ती बैलगाडीने केली. या सेवेसाठीच आपण ही नव्या पद्धतीची, पोटात कॉम्प्युटर असलेली गाडी घेतली, असं आबासाहेब सांगत. मिरवायला घेतली, असं त्यांच्या मंडळी झुंबरबाई सांगत. दोन्ही खरं होतं.

गावच्या मेकॅनिकने गाडी सुप्यापर्यंत पळवून आणली. लोण्यासारखी चालली. आबासाहेब बसले, नेहमीप्रमाणे टेपवर कीर्तनाची कॅसेट लावली आणि वेशीबाहेर पडतात न पडतात तोच आचके सुरू. या गाडीचं दुखणं कान लावून कळायचं नाही, यंत्रच लावावं लागेल, असं म्हणून मेकॅनिकने हात झटकले.

"त्यो बसला की नीट चालती अन् तुमी बसले की तिला उचक्या लागत्यात," झुंबरबाई म्हणाल्या. "तुमीच उतरा की मग."

हा टोमणा आहे असं समजून आबासाहेबांनी तो सोडून दिला आणि नगर गाठलं.

दुकानदाराने काचेवर तीन यंत्रं मांडली. पहिलं परदेशातलं. त्या किमतीत दुभती म्हैस आली असती, वर रेडकू फुकट. दुसरं मधलं. तिसरं साबणाच्या वडीएवढं. एक वायर आणि एक इवलीशी खिडकी. बिघाड असला तर खिडकीत आकडा येणार, नसला तर ओके. आबासाहेबांनी वांगी निवडावीत तशी तिन्ही उलटीपालटी करून पाहिली. देव भावाचा भुकेला असतो, किमतीचा नाही, असा सोयीचा विचार केला आणि साबणाची वडी उचलली.

घरी येऊन स्टिअरिंगखाली वायर खोचली. ओके. काढून पुसून पुन्हा खोचली. ओके. स्वस्तातलं यंत्र, त्याला काय कळतंय, असं म्हणत त्यांनी परत नगर गाठलं आणि वर भर घालून मधलं आणलं. तेही ओकेच म्हणालं, फक्त जरा मोठ्या अक्षरात. एखाद्याला आजार हवाच असतो आणि तो सापडेपर्यंत माणूस डॉक्टर बदलत राहतो. आबासाहेब आता गोठ्यातल्या म्हशीकडे वेगळ्या नजरेने बघू लागले.

म्हैस वाचली ती टेपमुळे. चालत्या गाडीत कॅसेट अडकली, कीर्तन बंद पडलं आणि आचकेही बंद झाले. आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. टेप करंट ओढतो! त्यांनी त्याच दिवशी टेप उपटून काढला. तिथे भोक पडलं, पण गाडी लोण्यासारखी चालू लागली. आपल्यातला इंजिनिअर उगाच वाया गेला, असं त्यांनी पारावर, दूध डेअरीवर आणि मुद्दाम गोरक्षनाथांच्या दारावरून जाताना सांगितलं.

काल्याच्या सकाळी पारनेरच्या स्टँडावर महाराज मागे बसले. आबासाहेबांनी यंत्र वायर लावून शेजारच्या सीटवर, महाराजांना दिसेल असं ठेवलं. निम्मा रस्ता पोटातलं पाणी हललं नाही. गाडीत टेप नाही, बोलणं नाही. महाराजांनी काल्याच्या कीर्तनाची चाल घोळवायला घेतली. आधी नुसतं गुणगुणणं, मग मांडीवर ठेका.

गाडीने आचका दिला.

महाराज थांबले. गाडी शांत झाली. त्यांनी पुन्हा चाल धरली. पुन्हा आचका. यंत्रात ओके. आबासाहेबांना गोरक्षनाथांची जीप आत्ताच दिसायला लागली. महाराज मात्र पुढे वाकले आणि त्यांनी मुद्दामच लय वाढवली. गाडीनेही वाढवली. मग महाराजांनी दोन सीटांमधून खाली वाकून पाहिलं.

"आबासाहेब, यंत्र खरं बोलतंय. गाडीला काय बी झालं न्हाई. तुमचा उजवा पाय तेवढा टाळकऱ्यांत जाऊन उभा राह्यलाय."

आबासाहेबांनी खाली पाहिलं. पाय ॲक्सिलरेटरवर ठेका धरून होता. मालक बघतोय हे कळल्यावरही तो लगेच थांबला नाही. आधी समेवर आला, मग थांबला.

उरलेला रस्ता महाराज गप्प बसून राहिले. गाडी मंडपापाशी आली तेव्हा गोरक्षनाथ जीपची किल्ली बोटात फिरवत उभेच होते. निघाला का बिघाड, त्यांनी विचारलं. आबासाहेबांनी मान खाली घातली. निघाला, म्हणाले, आणि तो आता या वयात दुरुस्त व्हायचा नाही, तेव्हा पुढच्या वर्षीपासून जीपच पाठवा.

महाराजांनी फेटा सारखा केला.

"जीप कशाला? गाडी हीच अन् डायव्हर हाच," ते म्हणाले. "वाटंनं मी मौन धरीन."