मंगळवारची खरेदी

"सर, दर गुरुवारी हे शेअर आम्हाला विकतं कोण?"

वर्ग सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. सरांचा मार्कर धरलेला हात फळ्यावर तसाच थांबला. विचारणारी बाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दोनदा तपासल्याशिवाय ती सख्ख्या भावाच्या रिपोर्टवरही सही करत नसे. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला गेल्या आठवड्यातच जाणवलं होतं. आता तिची खात्रीच पटली होती.

सर निवृत्त गणित शिक्षक. दोनच गोष्टी शिकवायचे, भाव आणि व्हॉल्यूम. वरच्या रेघेत भाव, आणि त्या दिवशी किती शेअर हातोहात फिरले त्याची उभी पट्टी खाली. पट्टी अचानक वाढली की कोणीतरी मोठा आत शिरतोय किंवा बाहेर पडतोय. "भावाला विचारू नका, पट्टीला विचारा," हे त्यांचं पालुपद. दर गुरुवारी सकाळी ते एक नवा चार्ट वाटत, तोही मुद्दाम आडबाजूच्या छोट्या कंपनीचा. तिथे एरवी शुकशुकाट, त्यामुळे पट्ट्या स्वच्छ दिसत. अट एकच होती. तीन महिने सगळा सराव कागदावर करायचा, खरा पैसा लावायचा नाही.

अट पाळतो कोण! सरांनी उदाहरण म्हणून घेतलाय म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं प्रत्येकाने मनाशी ठरवलेलं. वर्ग सुटला की जिन्यातच फोन बाहेर निघत. बाजार उघडल्यावर तासाभरात भाव उडे आणि शुक्रवारी दाणकन आपटे. बाईचा फोन निघे तो लॅबच्या बाथरूममध्ये. आईच्या कानाच्या मशीनसाठी साठवलेल्या पैशांतले निम्मे तीन गुरुवारांत गेले होते. नवऱ्याला तिने यातलं अवाक्षर कळू दिलं नव्हतं.

नवरा तिच्या शेजारीच बसायचा. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. सरांचे चार्ट तोच छापून द्यायचा, म्हणून त्याची फी माफ. शांत गडी. वहीत पट्ट्या काढत बसायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"कंपनी तुम्ही निवडता," बाई उभीच होती. "आम्ही मेंढरांसारखे धावतो. मग विकणारा तुमच्याशिवाय दुसरा कोण असणार? माझे आईच्या मशीनचे पैसे गेलेत. ते परत द्या, नाहीतर मी इथून सरळ पोलिसांत जाते."

नवऱ्याने चमकून वर पाहिलं. "तुझे?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"हो, माझे! घरी गेल्यावर काय ओरडायचं ते ओरड."

मागच्या बाकावरचा निवृत्त पोस्टमनही उठला. "बाई बरोबर बोलतायत. माझेही गेलेत." मग एकेक जण उठला. अट मोडल्याची लाज कोणालाच नव्हती, राग मात्र सगळ्यांना होता. सरांचे कान लाल झाले. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाला कोणी चोर म्हणत होतं. पण ते भांडले नाहीत. त्यांनी तिन्ही आठवड्यांच्या कंपन्यांचे, शुक्रवारपर्यंतच्या पट्ट्या भरलेले ताजे चार्ट फळ्यावर चिकटवले आणि मार्कर बाईच्या हातात दिला.

"वाचा. मोठ्याने."

बाईने पहिल्या चार्टवर बोट ठेवलं. "गुरुवार. पट्टी एकदम उंच. आम्ही घेतोय, आणि कोणीतरी आमच्या गळ्यात मारतोय."

"गळ्यात मारायला आधी स्वतः घ्यावं लागतं. कधी घेतलं, शोधा."

ती एकेक पट्टी मागे सरकू लागली. काचेखालचा नमुना पाहावा तशी डोळे बारीक करून. सगळीकडे शुकशुकाट, आणि मध्येच एक पट्टी एकटीच उभी. "मंगळवार." दुसऱ्या चार्टवरही मंगळवार. ती विजयाने वळली. "म्हणजे मंगळवारी तुम्ही घेता आणि गुरुवारी आमच्यावर ओतता!"

"बाराही आठवड्यांच्या कंपन्या मी वर्ग सुरू व्हायच्या आधीच ठरवल्यात," सर म्हणाले. "मला घ्यायचेच असते तर महिनाभर आधी सावकाश घेतले असते. दोन दिवस आधी घाईने कशाला घेऊ? तिसरा चार्ट बघा."

तिसऱ्या चार्टवर मंगळवार रिकामा होता. पट्टी बुधवारी होती.

"या वेळी एक दिवस उशीर का?" तिने दरडावून विचारलं.

"तेच मला उमगलेलं नाही," सर म्हणाले, आणि ते खरंच गोंधळलेले दिसत होते.

बाईला मात्र उमगलं. सर पुढचा चार्ट छापायला देत तो मंगळवारी. त्या मंगळवारी दुकानातलं मशीन बंद पडलं होतं. रात्री जेवताना नवरा कुरकुरत होता, सगळी कामं तुंबली म्हणून. बुधवारी दुपारी मेकॅनिक येऊन गेला, आणि पहिलं काम निघालं ते सरांचं. हे तिला नवऱ्यानेच सांगितलं होतं.

गप्प बसावं, असं तिला एकदा वाटलं. फळ्यापाशी सर अजून लाल कानांनी उभे होते.

"बोला ना बाई," पोस्टमन म्हणाला. "कोण आहे तो?"

तिने मार्करला टोपण लावलं. मागे वळून न बघताच ती म्हणाली, "त्या मंगळवारी झेरॉक्सचं मशीन बंद होतं."

वर्गातल्या सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या. नवरा धडपडत उठला. त्याने सरांकडे पाहिलं नाही, पोस्टमनकडेही नाही. बायकोच्या पाठीकडे बघत तो रडकुंडीला येऊन म्हणाला,

"अगं, घेणाऱ्यांत तूसुद्धा आहेस, हे मला कुठं माहीत होतं!"