इनिस साहेबांची इंग्रजी

"वादळ उठलं आणि तुमचा एखादा ड्रायव्हर वाटेत अडकला, तर काय कराल?" सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत घेणाऱ्या सत्यजितने इंग्रजीत विचारलं.

गफूरला मनातून हसूच आलं. हा काय प्रश्न झाला! सौदीतल्या अल-खोबर ते जुबैल या रस्त्यावर त्याने तरुणपण घालवलं होतं. तो ताठ बसला आणि अगदी साहेबांच्या सुरात म्हणाला, "आय, सर. आय केन द स्टूर. आय टेल हिम, बाइड देअर. डिन्ना फॅश."

सत्यजितचं पेन हातातच राहिलं. मग तो असा हसला की खुर्ची करकरली. मूळचा पुण्याचा, त्यामुळे पुढचं मराठीत आलं. "अहो गफूरभाई, ही कुठली इंग्रजी? दापोलीची का?"

गफूरने इनिस साहेबांकडे पाहिलं. टेबलापलीकडे दुसऱ्या खुर्चीत तेच तर बसले होते आणि ही इंग्रजी शब्द न् शब्द त्यांचीच होती. साहेब स्कॉटलंडचे, अ‍ॅबर्डीनजवळच्या खेड्यातले. गफूर त्यांचाच ड्रायव्हर; त्याच्या गाडीत बसले की टाय सैल करायचे आणि आईची बोली सुरू व्हायची. उडत्या धुळीला स्टूर, थांबण्याला बाइड, ठाऊक असण्याला केन, आणि घोर लावून घेऊ नकोस म्हणजे डिन्ना फॅश. ऑफिसात ही भाषा चालत नसे, म्हणून सगळी गफूरच्या वाट्याला. त्यानेही हौसेने उचलली. साहेब खूश होऊन भावाला व्हिडिओ कॉल लावायचे, गफूरला बोलायला लावायचे आणि दोघे भाऊ पोट धरून हसायचे. या बापड्याला वाटायचं, आपलं कौतुक चाललंय. गोरा साहेब जे बोलतो ती इंग्रजीच असणार, त्यात आणखी काय विचारायचं?

आणि गावी त्याच्या बायकोला, बिलकिसलाही तसंच वाटत होतं. ड्रायव्हरला कुटुंब आणता येत नाही. इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, सुपरवायझर लागलं, की ती आणि मुलगा झैद दोघंही इकडे येणार होती. सकाळीच फोनवर ती म्हणाली होती, "घाबरता कशाला? तुमी तर दिसभर सायबाबरोबर इंग्लिशातच बोलता!" झैदच्या शाळेचा दाखला काढायची घाईसुद्धा तिने सुरू केली होती.

"सर, तुम्हाला तरी कळलं का काही?" सत्यजितने डोळे पुसत साहेबांना विचारलं.

साहेबांनी एवढंच सांगायचं होतं, की हे माझे शब्द आहेत, मी शिकवलेत. गफूर वाट बघत राहिला. इनिस साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"खरं सांगायचं तर, नाही," ते म्हणाले. बातम्या सांगणाऱ्या माणसासारखी स्वच्छ, इस्त्री केलेली इंग्रजी. "गाडी मात्र फार छान चालवतो. असा ड्रायव्हर मला पुन्हा मिळायचा नाही. पुढच्या वर्षी बघू."

"खलास मग," सत्यजित म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

गफूर खाली आला. अंगाची नुसती लाही होत होती. सत्यजितचं काही नाही, तो परका. पण ज्याच्या आईचं आजारपण, ज्याचं मोडलेलं लग्न, सगळं आपण याच गाडीत ऐकून घेतलं, त्याला एक वाक्य जड झालं! फोन खिशात थरथरत होता. बिलकिसचाच असणार. तो उचलायची हिंमत झाली नाही.

सुट्टीच्या वेळी साहेब आले, मागे बसले. टाय सैल केला. गाडी समुद्राच्या कडेने निघाली तसे ते हळूहळू बोलू लागले, त्याच बोलीत. मी वाईट वागलो, शाळेत असताना आम्हीही या बोलीपायी मार खाल्लाय रे, लाज अजून जात नाही, तू तरी समजून घे.

गफूरला सगळं समजलं. एकही शब्द अडला नाही.

त्याने आरशातून मागे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "सॉरी सर. इंग्लिश प्लीज."