स्वच्छ सर्टिफिकेट

"हे बघ, शिक्का आहे. अजून काय हवंय तुला?" अनिलने मोबाइल उर्मिलाच्या नाकासमोर धरला.

धनंजय सरांचं गुड कंडक्ट सर्टिफिकेट होतं ते. पोलिसांचं, गेल्याच महिन्यातलं. सरांच्या नावावर एकही गुन्हा नाही, असं त्यात अरबी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहिलं होतं. मागितल्यावर सरांनी पाच मिनिटांत पाठवलं, खाली हसरा चेहराही टाकला. शनिवारपासून उर्मिला-अनिलची मुलगी सान्वी त्यांच्याकडे चित्रकला शिकायला जाणार होती. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये, हे तिघं राहायचे त्याच टॉवरमध्ये, चौथ्या मजल्यावर, सरांच्या घरी.

उर्मिला सकाळपासून मेटाकुटीला आली होती. तिची अमेरिकेतली बहीण संजना म्हणे वेबसाइटवर घराचा पत्ता टाकते आणि लहान मुलांना त्रास दिलेली माणसं आसपास कुठे राहतात ते फोटोसकट बघते. "तुमच्याकडे नाही का अशी लिस्ट?" तिने काल सहज विचारलं आणि उर्मिलाने आज ऑफिसला दांडी मारून लिस्ट शोधली. इथे तिला उघडून बघता येईल असं काही सापडेना. भारतात यादी आहे, पण ती पोलिसांनी बघायची, आईबापांनी नाही. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्याने तर हातच जोडले. "मॅडम, जिसका सर्टिफिकेट है वोही निकालेगा. आप दूसरे का कैसे निकालोगे?" म्हणजे चोरालाच जाऊन विचारायचं, बाबा रे, तू चोर आहेस का?

"सगुणाताईंना एकदा विचारते," ती म्हणाली. "त्यांची इशिता वर्षभर जायची."

"यल्ला, चल, विचार. आणि मग हा विषय खलास कर."

सगुणाताईंनी लगेच फोन उचलला.

"सर ना? छान शिकवतात हो," त्या म्हणाल्या, जरा घाईनेच.

"मग इशिताने का सोडलं?"

"अगं, तिच्या एक्झॅम्स होत्या."

"तिसरीत कसल्या एक्झॅम्स?"

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग दुसरी झाली.

"तू पाठवू नकोस सान्वीला," सगुणाताई एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या. "इशिताने मला जे सांगितलं ते मी अजून तिच्या बाबांच्याही कानावर घातलेलं नाही. अजून तिघी आहेत, त्यांच्या मुलींचंही तेच. पण माझं नाव कुठे घेऊ नकोस, तुला शपथ आहे."

"अहो, मग कम्प्लेंट का नाही केली कोणी?"

"कोणी करायची? एवढ्याशा पोरीला पोलिसांपुढे उभी करू? आणि आपल्या मराठी मंडळात सगळे ओळखीचे. जन्मभर पोरीकडेच बघत राहतील लोक." त्यांनी फोन ठेवला.

उर्मिला स्वयंपाकघरात गेली आणि तावातावाने कणीक मळायला लागली. सान्वी हॉलमध्ये होती, म्हणून ती आवाज दाबून बोलली, पण बोलली.

"चार बायका! चौघींना माहीत आहे आणि चौघी परीक्षा सांगून मोकळ्या झाल्या. मग सर्टिफिकेट स्वच्छ येईल नाही तर काय येईल? मी मूर्ख दिवसभर यादी शोधतेय, आणि यादी यांच्या पोटात! यांना लाज कशी वाटत नाही, अनिल?"

अनिलचा चेहरा उतरला होता. "आपली गेली नाही, देव पावला समज," तो म्हणाला. "पण तू कुठे काही बोलू नकोस. पुरावा नाही आपल्याकडे. उलट त्यानेच बदनामीची केस टाकली तर? नोकरी, व्हिसा, सगळंच जाईल."

"मी नाही गप्प बसणार."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुमैय्या होती. शेजारच्या टॉवरमधली, चिपळूणची, दुबईत येऊन जेमतेम दोन महिने झालेली. तिची सायरा दुसरीत, शाळा वेगळी, पण दोघी मुली रोज खाली एकत्र खेळायच्या. सरांचं नाव तिला उर्मिलानेच सुचवलं होतं, दोघींना मिळून पाठवू म्हणून. हात कणकेचे होते, म्हणून उर्मिलाने बोटाच्या पेराने स्पीकर लावला.

"उर्मिलाताई, शनिवारी साडेचारला निघायचं ना? सायराने आत्तापासूनच ब्रश, कलर सगळं बॅगेत भरून ठेवलंय. ऐकतच नाही!"

उर्मिलाने वर बघितलं. अनिल नको नको म्हणून मान हलवत होता. मघापासून बोललेलं सगळं तिच्या अगदी ओठावर होतं.

"अगं, सान्वीचं नाही जमणार गं," ती म्हणाली. "तिच्या एक्झॅम्स आहेत."

"अच्छा, अच्छा. मग हरकत नाही ताई, मी सायराला एकटीच सोडते. तुम्ही त्यांचं सर्टिफिकेट मागवणार होतात ना? बघितलंत?"

"हो," उर्मिला म्हणाली. "बघितलं. स्वच्छ आहे."

पाणी प्यायला आलेली सान्वी दारातच थबकली.

"ममा, व्हॉट एक्झॅम्स?" ती मोठ्यांदा म्हणाली. "वी डोन्ट हॅव एक्झॅम्स इन ग्रेड थ्री!"

उर्मिलाचे हात कणकेत तसेच राहिले. स्पीकरवर सुमैय्या काही बोलली नाही. तिने फोनही ठेवला नाही.