भट्टीच्या डाव्या हाताला

"डाव्या हाताला. परत सांग."

"डाव्या हाताला," स्पास म्हणाला आणि बनित्साचा, चीज भरलेल्या खारीचा, मोठा घास तोंडात कोंबला. "कळलं गं दोन्का. जन्मभर डावीकडूनच तर खेळलो मी."

"खेळलो हा शब्द तिथं काढायचा नाही. खेळलो म्हणे, मेला!"

बस जिल्ह्याच्या गावाकडे निघाली होती. तिकिटं दोन्कानं काढली होती, बनित्सा तिनंच घेतला होता, आणि पिशवीत घरच्या मनुकादारूची बाटली होती, ती परतताना स्पासला द्यायची होती. साक्षीदाराचे लाड जावयासारखे करावे लागतात. फुगला तर सगळंच मुसळ केरात.

पूर्वी गावाच्या ओतशाळेचा, लोखंड ओतायच्या कारखान्याचा, फुटबॉलचा संघ होता आणि स्पास त्यात डावीकडून खेळायचा. आता खेळाडूंना पगार कुठल्या नावानं द्यायचा? म्हणून कागदावर ही पोरं भट्टीवर. भट्टी तर काही कागदावर चालत नाही, म्हणून झाडूवाल्या दोन्काच्या हातातला झाडू काढून घेतला आणि तिला स्पासच्या जागी उभं केलं. कागदावर ती राहिली झाडूवालीच. गावात हे कुत्र्या-मांजरांनासुद्धा ठाऊक होतं. तेव्हा कुणाला त्यात काही वाटलं नाही, दोन्कालाही नाही.

पेन्शनचं गणित वेगळं. भट्टीवरची तीन वर्षं पाच धरतात. झाडूची तीन ती तीनच. कागदावरच्या भट्टीमुळं स्पास केव्हाच पेन्शनीवर निघाला, रोज सकाळी चौकात कॉफी पीत बसतो. दोन्का अजून लोकांच्या इमारतींचे जिने पुसते, आणि गुडघे आता जिन्यावर रडू आणतात. भट्टीची वर्षं धरली तर उद्यापासून सुट्टी. नाही धरली तर अजून चार वर्षं बादली आणि फडकं.

त्यासाठी त्याच भट्टीवर, त्याच काळात असलेला साक्षीदार हवा. भट्टीवर खरोखर होते ते दोघं वारले, त्यांचे फोटो बसथांब्याच्या खांबावर काळ्या चौकटीत कधीच लागले. राहिला कागदावरचा स्पास. तो भट्टीपाशी आयुष्यात एकदाच आला होता, संघाचा फोटो काढायला, आणि धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून पाच मिनिटांत निघून गेला होता.

"वितळलेल्या लोखंडाचा रस सुटला की थांबवायचा कशानं?" दोन्कानं विचारलं.

"बादलीनं?"

"अरे देवा! मातीचा गोळा, लांब दांड्याच्या टोकाला. आणि रसावरची मळी?"

"पहारेनं ओढायची. बघ, आलं की नाही? डोकं आहे मला." तो हसला. "तुझ्यासाठी एवढं नाही का करणार मी?"

दोन्काला राग आला. मग रागाचाही कंटाळा आला आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

पेन्शन कचेरीतल्या इलिएवाबाई तरुण होत्या, पण त्यांचा आवाज दमलेला होता. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि स्पासला म्हणाल्या, "हं, काका. सांगा. ही बाई कुठं उभी असायची?"

"भट्टीच्या डाव्या हाताला."

"काय करायची?"

स्पासनं मळी सांगितली, मातीचा गोळा सांगितला. एकही शब्द चुकला नाही. दोन्काचा जीव भांड्यात पडला. आता ह्यानं गप्प राहावं, एवढीच तिची इच्छा.

पण समोर ऐकणारं माणूस मिळालं की स्पास गप्प राहिलाय कधी? तो खुर्चीवरून उठला. टेबलावरची लाकडी पट्टी त्यानं पहारेसारखी धरली.

"असा मी पुढं. ही मागं. रस असा सळसळत येतोय! मी ओरडायचो, दोन्का, मागं हो, बाईमाणसाचं काम नाही हे! कितीदा हिला हाताला धरून ओढलंय, विचारा तिला."

"बापरे," इलिएवाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा जागा झाला होता. "काका, तुम्ही होता म्हणून, नाहीतर भाजलीच असती की ही."

"सांगतोय काय मग!"

 ती भट्टी दोन्काची होती. हिवाळ्यात भट्टीच्या तोंडाशी उभं राहून एका बाजूनं भाजायचं आणि दुसऱ्या बाजूनं गारठायचं, हे तिचं होतं. हा मेला तेवढंही घेऊन चालला! पण गुडघे बोलू देईनात.

इलिएवाबाई तिच्याकडे वळल्या. "आता एकच. कागदावर तुम्ही झाडूवाल्या. झाडूवालीला भट्टीचं काम आलं कसं? शिकवलं कुणी?"

स्पासच्या हातातली पट्टी तशीच राहिली. हे बसमध्ये घोकून झालं नव्हतं. चेंडू गोलावरून गेल्यावर पंचाकडे बघावं तसा तो दोन्काकडे बघायला लागला.

शिकवलं कुणीच नव्हतं. पहिल्या दिवशी मुकादम म्हणाला होता, स्पास सामन्याला गेलाय, आजच्या दिवस तू बघ. तो आजचा दिवस सहा वर्षं चालला.

"ह्यानं," दोन्का म्हणाली.

इलिएवाबाईंनी लिहून घेतलं. पान उलटलं, शिक्का मारला, आणि बऱ्याच वेळानं पहिल्यांदा हसल्या. "नशीब काढलंत हो, बाई. असा शिकवणारा मिळायला."

"हो ना," दोन्का म्हणाली. "माझ्या हातात पहार दिली, आणि बाजूला झाला."