उजवा कौल

शहरातल्या नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या यादीतही तन्वीचं नाव नव्हतं. हीच शेवटची यादी. तिने फोन पालथा ठेवला आणि आईशेजारी फणसाच्या आठळ्या सोलायला बसली.

"आये, प्रत्येक यादीआधी तू देवळात कौल लावलंस. तिनय येळा कळी उजवीकडे पडली. म्हणजे देव व्हय म्हणालो मां? मगे माजा नाव खंय गेला?"

आईने हातातली आठळी सोलून बाजूला टाकली.

"देवाक बोल लावू नको गो, बाय."

"मगे कोणाक लावू?"

"माका. मी प्रश्न मनातच धरलंय." आईचा आवाज थकलेला होता. "इचारलंय, माजा ह्या चेडू माका सोडून जावचा नाय मां?"